दूध बिलाची स्क्रिप्ट: फाईलनं स्वतःचा पत्ता कसा शोधायचा, प्रकल्प नोंदी

९ जून

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नंतर परत परत सांगायला नको. नदीकाठच्या गावातली दूध संस्था, कोल्हापूरजवळ चिखली-आंबेवाडीच्या अंगाला. सकाळ-संध्याकाळ संकलन, वजनकाटा आणि फॅट मशीनवरनं सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) पडते, दर दहा दिवसाला उत्पादकांचं बिल निघतं. बिल काढायची स्क्रिप्ट आहे, पूर्वी कुणीतरी लिहून दिलेली. चालते, नाही असं नाही, पण एकाच कॉम्प्युटरवर, आणि तेपण टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून आधी त्या फोल्डरात जाऊन उभं राहिलं तरच.

आता अण्णांचं म्हणजे सचिवांचं म्हणणं असं की हे सगळं एका पेनड्राईव्हवर पाहिजे आणि कुठल्याबी मशीनला लावलं की बिल निघालं पाहिजे. कारण पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की संस्थेचं सामान वरच्या मजल्यावर जातं, आणि ४३ फुटाच्या धोका पातळीच्या आत माणसं जनावरं घेऊन गाव सोडतात. २०१९ आणि २०२१ दोन्ही महापुरात हे झालेलं आहे. पण म्हैस काय पूर आला म्हणून दूध द्यायची थांबत नाही. जिथं जनावरं बांधली तिथंच संकलन, मग बिलपण तिथंच. "कॉम्प्युटर न्यायला माणूस मिळत न्हाई वो, पेनड्राईव्ह खिशात बसतो," असं अण्णा म्हणाले आणि खरं आहे ते.

मशीन तीन प्रकारची धरायची. संस्थेत उबंटू, अण्णांच्या लेकीचा विंडोज लॅपटॉप, आणि अगदीच अडलं तर आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसातला जुना मॅक.

११ जून

आज बिलाचा दिवस म्हणून मुद्दाम तिथं जाऊन बसलो. आणि बरं झालं गेलो.

स्क्रिप्ट दर तक्ता वाचते तो नुसत्या नावानं, म्हणजे "दर तक्ता नावाची फाईल दे" एवढंच. कुठली? तर सध्या ज्या फोल्डरात उभे आहोत तिथली. अण्णा हातानं चालवतात तेव्हा बरोबर फोल्डरात असतात म्हणून बरोबर फाईल मिळते. पण मध्यंतरी कुणीतरी हीच स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) टाकून ठेवलीय, पहाटे आपोआप कच्चं बिल निघावं म्हणून. क्रॉन काम सुरू करतो ते युजरच्या होम फोल्डरात उभं राहून, स्क्रिप्टच्या फोल्डरात नाही. आणि होम फोल्डरात कधीकाळी कॉपी करून ठेवलेला जुना दर तक्ता पडलेला होता!

म्हणजे एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. कच्चं बिल निघतंय, झकास छापतंय, फक्त दर जुने. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ला जो बेस दर धरायचा तोच मागच्या हंगामातला. गायीचं ३.५ आणि ८.५ वरचं तेच. अण्णा पक्कं बिल हातानं काढतात म्हणून उत्पादकांचं नुकसान झालेलं नाही, पण "कच्च्यात आणि पक्क्यात फरक का येतोय" म्हणून ते केव्हापासनं डोकं खाजवत होते आणि सगळ्यांचा संशय फॅट मशीनवर.

ह्यावरनं आमचं धोरण आजच ठरलं. फाईल सापडली नाही हे परवडलं, भलतीच सापडली हे अजिबात नाही.

उपाय वरवर बघता सोपा आहे. स्क्रिप्टनं आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते शोधायचं आणि दर तक्ता, सभासद यादी, बिलाचा साचा सगळं तिथनंच घ्यायचं. उभे कुठं आहोत आणि फाईल कुठं आहे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांची निम्मी भानगड ह्या दोन्हीत गल्लत केल्यानं होते. पीडब्ल्यूडी कमांड सांगते ती पहिली गोष्ट. आपल्याला पाहिजे दुसरी.

१४ जून

दुसरी गोष्ट सांगणारं शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) सरळ असं काही नाहीच. आहे तो डॉलर झिरो, आणि तो पत्ता नव्हे. आपल्याला ज्यानं हाक मारली त्यानं काय नाव घेतलं, एवढंच तो सांगतो. रंकाळ्यावर कुणाला तरी "देवळामागं राहतो तो" म्हणून सांगितलं तर ते सांगणारा कुठं उभा आहे त्यावर अवलंबून, कुठलं देऊळ, कुठली मागची बाजू. तसंच.

आज संध्याकाळी प्रत्येक पद्धतीनं हाक मारून डॉलर झिरो छापून बघितला:

फोल्डरात जाऊन डॉट स्लॅश लावून चालवली तर डॉट स्लॅश बिल. एसएच (साधा शेल) लिहून पुढं नाव दिलं तर नुसतंच नाव, स्लॅशसुद्धा नाही. पाथमधल्या (शेल जिथं कमांड शोधतो त्या यादीतल्या) फोल्डरात ठेवून नुसत्या नावानं बोलावली तर पूर्ण पत्ता मिळतो, कारण शेलनं शोधून तो पुढं दिलेला असतो. स्क्रिप्टचा मजकूर पाईपमधनं एसएच ला पाजला तर डॉलर झिरो म्हणजे एसएच, बस्स, आणि ते बरोबरच आहे की, तिथं फाईलच नाही तर पत्ता कशाचा सांगणार.

आतनं काय होतं ते ऑफिसातल्या माझ्या पार्टनरला फळ्यावर काढून दाखवलं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, फाईलची पहिली दोन अक्षरं बघतो, हॅश आणि उद्गारचिन्ह दिसलं की त्या ओळीतला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम) चालू करतो आणि स्क्रिप्टचा पाथ त्याच्या हातात देतो, ज्या शब्दात आला त्याच शब्दात. शेल ती फाईल उघडतो आणि वाचत सुटतो. त्यानंतर तुम्ही फाईलचं नाव बदला, दुसरीकडं हलवा, डिलीट करा, लिनक्सवर चालू असलेली स्क्रिप्ट चालूच राहते. मग तिचा पत्ता काय? आणि हार्ड लिंक असली तर एकाच फाईलला दोन नावं दोन फोल्डरात, दोन्ही सारखीच खरी, मूळ असं कुठलंच नाही. त्यामुळं पॉझिक्समध्ये (युनिक्सछाप सिस्टीमच्या सामायिक नियमपुस्तकात) "मी कुठं आहे" असा प्रश्न विचारायची सोयच ठेवलेली नाही आणि मला वाटतं त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

पार्टनर म्हणाला, "मग भावा, लोकं करतात काय?" लोकं अंदाज बांधतात. चांगला अंदाज आणि वाईट अंदाज एवढाच फरक.

१५ जून

चांगल्यातला चांगला एका ओळीचा अंदाज: डॉलर झिरोवर डर्नेम चालवून फोल्डर काढायचं, तिथं सीडी करायचं (म्हणजे त्या फोल्डरात जायचं), आणि पीडब्ल्यूडी विचारायचं. सगळं डॉलर-कंसाच्या आत, म्हणजे वेगळ्या सबशेलमध्ये, त्यामुळं बाहेर आपण जिथं उभे होतो तिथंच राहतो.

ओळ लहान आहे पण तिला चार ठिकाणी कुलूप लावावं लागतं.

पहिलं, डबल कोट, बाहेरपण आणि आतल्या डॉलर झिरोलापण. संस्थेच्या फोल्डरचं नाव "दूध बिल", मध्ये स्पेस. कोट नसले की शेल त्याचे दोन तुकडे करतो. डॉलर-कंसाच्या आत कोट नव्यानं सुरू होतात, बाहेरच्याशी भांडत नाहीत, लोक उगाच भितात.

दुसरं, डर्नेम आणि सीडी दोन्हीच्या पुढं डॅश डॅश, म्हणजे नाव डॅशनं सुरू झालं तरी त्याला ऑप्शन समजू नये. लॉगिन शेलमध्ये डॉलर झिरो चक्क डॅश-बॅश (बॅश हा नेहमीचा शेल) असतो, आणि डर्नेम त्याच्यावर "इनव्हॅलिड ऑप्शन" म्हणून ओरडतो.

तिसरं सगळ्यात मजेशीर, सीडीपाथ. पार्टनरला सवय आहे हा व्हेरिएबल सेट करून एक्सपोर्ट करायची, म्हणजे कुठूनही "सीडी बिल" म्हटलं की त्याच्या प्रोजेक्टमधल्या बिल फोल्डरात जातो. आता होममधनं त्यानं एसएच बिल स्लॅश काढा असं चालवलं, डर्नेमनं दिलं "बिल", आणि सीडी गेला सीडीपाथमधल्या दुसऱ्याच बिल फोल्डरात! वर आणि कुठं गेलो ते छापूनपण दाखवतो, त्यामुळं आपल्या व्हेरिएबलमध्ये पत्ता दोनदा, दोन ओळीत. परत तेच, एरर नाही, फक्त भलतं घर. म्हणून सीडीच्या आधी सीडीपाथ रिकामा करायचा, तेवढ्या ओळीपुरता. पाथ डॉटनं किंवा स्लॅशनं सुरू होत असेल तर सीडीपाथ बघितला जात नाही, म्हणूनच हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथं, पीडब्ल्यूडी ला डॅश कॅपिटल पी, म्हणजे फोल्डर सिमलिंक (दुसरीकडच्या खऱ्या जागेकडं बोट दाखवणारं नाव) असलं तरी खरा पत्ता.

डॉलर-कंस शेवटची नवी ओळ खाऊन टाकतो, त्यामुळं फोल्डरच्या नावाच्या शेवटी एंटर असेल तर हे चुकेल, पण फोल्डरच्या नावात एंटर मारणारा माणूस करवीर तालुक्यात तरी नसावा. सोडून दिलं.

१८ जून

सिमलिंक. अण्णांना डेस्कटॉपवर "बिल" असं दिसायला पाहिजे म्हणून तिथं स्क्रिप्टची सिमलिंक टाकलेली. वरची ओळ अशा वेळी डेस्कटॉपचा पत्ता देते, कारण हाक डेस्कटॉपवरच्या नावानं मारलेली. फोल्डर लिंक असलं तर डॅश पी सोडवतं, पण फाईलच लिंक असली तर त्याच्या हातात काही नाही.

लिनक्सवाला लगेच म्हणणार रीडलिंक (लिंक कुठं जाते ते सांगणारी कमांड) डॅश एफ लाव. लावलं. उबंटूवर उत्तम. ऑफिसच्या मॅकवर "इलीगल ऑप्शन". मॅकओएसच्या रीडलिंकमध्ये डॅश एफ आला तो १२.३ मध्ये, २०२२ साली, आणि आमचा मॅक त्याच्या मागचा, त्याला नवीन सिस्टीम झेपत नाही आणि नवीन मॅक आम्हाला झेपत नाही. पॉझिक्सच्या पुस्तकात तर रीडलिंक आणि रिअलपाथ ह्या कमांड २०२४ च्या आवृत्तीत शिरल्या. इतकी वर्षं सगळीकडं असून कागदोपत्री नव्हत्या.

मग हातानं लूप लिहिला. नाव सिमलिंक आहे का बघायचं, असेल तर साधा रीडलिंक, कुठलाच ऑप्शन न लावता, तो सगळीकडं चालतो. आलेलं उत्तर स्लॅशनं सुरू होत असेल तर तेच नवं नाव. नसेल तर ते लिंक ज्या फोल्डरात आहे तिथून मोजायचं. आपण उभे आहोत तिथून नव्हे! नेटवर फिरणाऱ्या निम्म्या नमुन्यात हीच गोष्ट राहिलेली असते, आणि चाचणी करणारा लिंकच्या फोल्डरातच उभा असतो म्हणून त्याला सगळं बरोबर दिसतं. आणि लिंकचं फोल्डर आधी सीडी डॅश पी करून खरं काढून घ्यायचं, नाहीतर लिंकमध्ये डॉट डॉट असलं की वरचं फोल्डर कुठलं ह्यावर शेलचं आणि कर्नलचं एकमत होत नाही.

पार्टनरनं विचारलं, लिंक गोल फिरत असली तर लूप अडकेल की. नाही अडकत. गोल लिंक कर्नल उघडतच नाही, लिनक्स ४० लिंकपर्यंत मागं जातो आणि मग "टू मेनी लेव्हल्स" म्हणून सोडून देतो. स्क्रिप्ट चालू झाली ह्याचाच अर्थ साखळीला शेवट आहे.

१९ जून

मॅकवर लूप चालला. बॅश ३.२ आहे त्याच्यावर, २००७ च्या सुमाराचा, ॲपलनं लायसन्समुळं पुढं नेलाच नाही आणि २०१९ ला डीफॉल्ट झेडशेल केला. आपण साध्या एसएच मध्येच लिहितोय त्यामुळं फरक पडला नाही.

२४ जून

स्क्रिप्टची दोन भागात फोड केली. एक मुख्य, दुसऱ्या फाईलमध्ये फॅट-एसएनएफ वरनं दर काढायची फंक्शन्स, पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्स वगैरे. ही दुसरी फाईल सोर्स करायची, म्हणजे मुख्य स्क्रिप्टच्या आतच वाचून चालवायची.

सोर्स केलेल्या फाईलमध्ये डॉलर झिरो हा बोलावणाऱ्याचाच राहतो, तिचा स्वतःचा नाही. बॅशमध्ये ह्यावर उतारा आहे, बॅश सोर्स नावाची यादी, तिच्यात पहिलं नाव चालू फाईलचं. झेडशेलमध्ये वेगळंच टक्का-एक्स चं प्रकरण, केशेलमध्ये अजून तिसरं. साध्या एसएच मध्ये काहीच नाही.

पार्टनरचा आग्रह, बॅश सोर्स वापरू, पहिल्या ओळीत बॅश लिहू, संपलं. मी नको म्हटलं. कारण दुसऱ्या फाईलला स्वतःचा पत्ता पाहिजेच कशाला? मुख्य स्क्रिप्टनं एकदा पत्ता काढला, व्हेरिएबलमध्ये ठेवला, बाकीच्यांनी तो वापरावा. व्हेरिएबल नसेल तर दुसऱ्या फाईलनं सरळ "मला एकटीला चालवू नका" म्हणून थांबावं. एका घरात पत्ता एकानंच सांगायचा. त्याला पटलं नाही पण बिल त्याच्या घरचं नव्हतं म्हणून गप्प बसला.

१ जुलै

पेनड्राईव्हवर पहिला प्रयोग, आणि वरचा वाद आपोआप निकाली.

पेनड्राईव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला, कारण विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांना तोच बिनतक्रार चालतो. पण ह्या फॅटमध्ये, दुधातल्या नव्हे, सिमलिंक नावाची चीजच नाही. कॉपी करायला गेलं की लिंकच्या जागी "ऑपरेशन नॉट परमिटेड". सीपी ला डॅश कॅपिटल एल लावून लिंकच्या ऐवजी खरी फाईल उचलली. फोल्डरात आता एकही लिंक ठेवायची नाही असा नियम केला.

दुसरं, लिनक्सची चालवायची परवानगी म्हणजे एक्झिक्यूट बिट तो पण फॅटमध्ये साठत नाही. डॉट स्लॅश बिल केलं की "परमिशन डिनाइड". मग एसएच लिहून पुढं पाथ द्यायचा, तसं चालतं. पण तसं चालवलं की पहिल्या ओळीतलं बॅश कुणी बघतच नाही, ती ओळ शेलच्या दृष्टीनं नुसती कॉमेंट, कारण इंटरप्रिटर तुम्ही स्वतःच निवडलात. आणि उबंटूवर एसएच म्हणजे डॅश, २००६ पासनं. डॅश म्हणजे तो लहानसा शेल, बॅश नव्हे. पार्टनरनं त्याच्या ब्रँचमध्ये (कोडच्या स्वतःच्या वेगळ्या प्रतीत) बॅश सोर्स लिहिलेलंच होतं, ते चालवून बघितलं: "बॅड सब्स्टिट्यूशन". त्यानं एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि चहा सांगायला गेला.

अजून एक जवळनं बघण्यासारखं. उबंटू पेनड्राईव्ह माउंट करतो तो मीडिया फोल्डरात, युजरच्या नावाखाली, पेनड्राईव्हच्या लेबलनं. अण्णांनी दोन पेनड्राईव्ह घेतलेत, एक घरी एक संस्थेत, दोन्हीचं लेबल "दूध". दोन्ही एकदम लावले की दुसऱ्याचं नाव "दूध१". म्हणजे पाथ पक्का लिहून ठेवणारी कुठलीही युक्ती इथं एका दिवसात आपटली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे आपटली नसती, शांतपणे दुसऱ्याच पेनड्राईव्हचा दर तक्ता वाचला असता.

६ जुलै

विंडोज. बॅच फाईलचं एक कौतुक करायला पाहिजे, तिथं टक्का टिल्ड डीपी झिरो लिहिलं की ड्राईव्ह आणि फोल्डर सरळ हातात. एवढा लूप लिहून शेलमध्ये जे मिळवलं ते इथं फुकट.

फुकटचं असलं तरी काटे आहेत.

उत्तराच्या शेवटी बॅकस्लॅश असतो. त्याला डबल कोटात घालून पायथनला पाठवलं तर शेवटचा बॅकस्लॅश आणि कोट एकत्र होतात, समोरचा प्रोग्रॅम त्याला "हा कोट अक्षर म्हणून घे" असं समजतो आणि पुढचे सगळे आर्ग्युमेंट ह्याच पोटात जातात. आमच्याकडं फोल्डरचं नाव आणि बिलाची तारीख एकत्र होऊन "अशी फाईल नाही" आलं. उपाय बारका: शेवटी एक डॉट लावायचा. बॅकस्लॅश डॉट म्हणजे तेच फोल्डर, आणि कोटाच्या आधी आता डॉट आहे.

शिफ्ट कमांड वापरली तर आर्ग्युमेंट सरकतात तसा झिरोपण सरकतो, आणि मग टक्का टिल्ड डीपी झिरो पहिल्या आर्ग्युमेंटचा पत्ता सांगायला लागतो. शिफ्टला स्लॅश वन लावायचं, किंवा सरळ पहिल्याच ओळीत पत्ता व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा. दुसरं केलं.

डबल क्लिक केल्यावर विंडोज स्क्रिप्टच्याच फोल्डरात उभं करतं, म्हणून पत्ता न शोधणारी स्क्रिप्टपण चाललेली दिसते. "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" केलं की उभे सिस्टीम ३२ मध्ये. टास्क शेड्युलरमध्ये "स्टार्ट इन" रिकामं सोडलं तरी तिथंच. क्रॉनचं होम फोल्डर आणि हे, एकाच माळेचे मणी.

नेटवर्कवरचं शेअर असलं तर सीडी नकार देतं, तिथं पुशडी वापरलं की ते तात्पुरतं ड्राईव्ह अक्षर देतं. आपल्याला लागणार नाही, लिहून ठेवतोय. पॉवरशेलमध्ये पीएस स्क्रिप्टरूट आहे, आवृत्ती ३ पासनं सगळ्या स्क्रिप्टमध्ये. अण्णांच्या लेकीच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवायची पॉलिसी बंद आहे, तिथं हात घालायचा नाही, बॅच बास.

आणि विंडोजवरच्या एडिटरमध्ये शेल स्क्रिप्ट उघडून सेव्ह करू नये म्हणून अण्णांना सांगायचं, ओळींच्या शेवटी जादा सीआर (विंडोजचं ओळ संपल्याचं अक्षर) आला की लिनक्सवर थेट चालवताना पहिल्याच ओळीला "बॅड इंटरप्रिटर".

९ जुलै

बिलाची पीडीएफ बनवणारा भाग पायथन. तिथं फाईल नावाचा व्हेरिएबल आहे, दोन्हीकडं दोन-दोन अंडरस्कोअर, त्याला पाथलिबचं रिझॉल्व्ह आणि पेरेंट लावलं की काम फत्ते. पायथन ३.९ पासनं मुख्य स्क्रिप्टलापण पूर्ण पाथ मिळतो, आधी हाक मारली तसाच मिळायचा.

पायइन्स्टॉलरनं एकच ईएक्सई करून दिली तर मात्र सावध. ती ईएक्सई चालताना स्वतःला टेंपररी फोल्डरात सोडवते आणि फाईलचा पत्ता तिथला येतो. दर तक्ता पॅकच्या आत घातला तर अण्णा बाहेरचा बदलत राहणार आणि आतला जुनाच लागू होणार, आणि बिल तिथं लिहिलं तर प्रोग्रॅम बंद झाल्यावर फोल्डरासकट गायब. पेनड्राईव्हचा पत्ता पाहिजे असेल तर सिस एक्झिक्यूटेबल, म्हणजे चालू असलेल्या ईएक्सईचा स्वतःचा पाथ, बघायचा. केलं.

१५ जुलै

आज काही नवीन शोधलं नाही, जे ठरलं ते कोडमध्ये घातलं.

पत्ता काढणं हा अंदाज आहे, तर अंदाज तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. म्हणून फोल्डरात एक छोटी खूणफाईल ठेवली, तिच्यात संस्थेचा नंबर आणि दर तक्ता लागू झाल्याची तारीख. स्क्रिप्ट पत्ता काढते, तिथं खूणफाईल आहे का बघते, आतली तारीख दर तक्त्यातल्या तारखेशी जुळते का बघते. नाही जुळली की थांबते आणि कुठल्या फोल्डरात शोधत होती ते मराठीत सांगते. आजूबाजूला किंवा वरच्या फोल्डरात शोधायला जात नाही. पार्टनरला ते पाहिजे होतं, "वरती वरती जात खूण शोधू, गिट तसंच करतं की." (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं साधन, अशी एक नोंद म्हणजे कमिट.) गिटला परवडतं, तिथं चुकलं तर कमिट चुकेल. इथं माणसाच्या दुधाचा दर आहे.

वरनं सांगायची सोय पण ठेवली. एन्व्हायर्नमेंटमध्ये दूध-होम सेट असेल तर तोच पत्ता धरायचा, शोधायच्या फंदात पडायचंच नाही, पण खूण तिथंही तपासायचीच. क्रॉनच्या ओळीत हा व्हेरिएबल लिहून टाकला. जिथं आपल्याला पत्ता आधीच माहीत आहे तिथं स्क्रिप्टला कोडं कशाला घालायचं.

बिलाच्या खाली बारीक अक्षरात फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि दर तारीख छापली जाते. अण्णांना आधी ते आवडलं नाही, "उत्पादक इचारतील की वो हे काय." मग कच्च्या-पक्क्याचा जून महिन्यातला घोळ आठवला आणि म्हणाले राहू दे.

होम फोल्डरातला तो जुना दर तक्ता मात्र मी डिलीट केलेला नाही. मुद्दाम. तो तिथं असताना क्रॉन बरोबर चालला पाहिजे.

२१ जुलै

पाऊस धरलाय. पाणी इशारा पातळीच्या खाली आहे पण चढतंय, संस्थेत सामान आवरायला सुरुवात. बिलाचा दिवस आणि पेनड्राईव्हची खरी परीक्षा एकदमच आली.

अण्णांची लेक लॅपटॉप घेऊन वरच्या आळीला चुलत्यांच्या घरी. मी फोनवर. डबल क्लिक, बिल निघालं, खाली पत्ता ई ड्राईव्हचा, दर तारीख बरोबर. मग तिला म्हटलं ताई, आता हेच रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून बघा, आणि एकदा स्टार्ट मेन्यूत पूर्ण पाथ टाकून. दोन्हीला तोच पत्ता. फोल्डरचं नाव तिनं स्वतःहून "दूध बिल नवीन (२)" केलेलं होतं, स्पेस, कंस सगळं, तरी चाललं. बॅच फाईलमध्ये कंसाची भीती होती, कारण पत्त्यात कंस आला आणि तो इफ च्या कंसातल्या ओळीत कोटाशिवाय वापरला की बंद कंस तिथंच इफ संपवून टाकतो. सगळीकडं कोट असल्यामुळं वाचलो.

संस्थेच्या उबंटूवर दोन्ही "दूध" एकदम लावून बघितले. एकावर मुद्दाम मागची तारीख ठेवलेली. पहिल्यावरनं बिल निघालं, दुसऱ्यावर "खूण आणि दर तक्ता जुळत नाही, थांबलो". अण्णा खूश, "हे बेस झालं, न सांगता गप चुकत न्हाई."

३ ऑगस्ट

पाणी उतरलं, संस्था परत खालच्या मजल्यावर. कुठल्या पद्धतीनं चालवलेलं आम्ही सांभाळणार ते एका कागदावर लिहून संस्थेत चिकटवलं: उबंटूवर आयकॉनवरनं, एसएच लिहून पूर्ण पाथ देऊन, किंवा क्रॉनमधनं दूध-होम सहित. विंडोजवर बॅच फाईल. मॅकवर एसएच. पाईपमधनं किंवा सोर्स करून चालवलं तर स्क्रिप्ट नाही म्हणेल आणि ते तसंच ठेवायचं आहे.

डेस्कटॉपवरची सिमलिंक काढली, त्या जागी आयकॉनची डेस्कटॉप फाईल, तिच्या एक्झेक ओळीत संस्थेच्या मशीनवरचा पूर्ण पाथ. लूप काढून टाकू का असं पार्टनरनं विचारलं, कारण आता लिंकच नाहीत. राहू दे म्हटलं, कुणीतरी कधीतरी परत लिंक टाकणारच.

राहिलेलं: दुसऱ्या पेनड्राईव्हचं लेबल बदलायचं आणि ११ तारखेच्या बिलाआधी नवा दर तक्ता दोन्हीवर जातोय का बघायचं. बिलाचे पैसे अण्णा संचालक मंडळाच्या मीटिंगनंतर देतो म्हणालेत.